पाठीखालचा तळवा

गजराक्काला बाजेवर घालून आणलं तेव्हा तिच्या लुगड्यातून पाणी ठिबकत होतं. दारापासून तपासणीच्या टेबलापर्यंत फरशीवर ओली रेघ उमटली आणि आमच्या मंदाकिनी सिस्टर, ज्यांना ओली फरशी मुळीच खपायची नाही, त्या तीच तुडवत बाजेला हात द्यायला धावल्या. बाज धरलेल्या माणसांत पुढं तिचा मुलगा उत्तम होता, घामानं निथळत. अक्काचे डोळे टक्क उघडे, कासोटा घट्ट, आणि उजवा पाय बाहेरच्या अंगाला लवंडलेला, डाव्यापेक्षा आखूड दिसणारा. तो पाय बघितला आणि एक्स-रे काढण्याआधीच मला काय ते कळलं.

"मक्या," ती म्हणाली, "हात लावायच्या आधी एक सांग. मी उभी ऱ्हाईन का न्हाई?"

मला मक्या म्हणणारी माणसं तेव्हा गावात दोनच उरली होती, एक माझी आई आणि दुसरी ही. बाकीच्यांसाठी मी डॉक्टर मकरंद झालो होतो आणि खरं सांगायचं तर ते मला आवडायला लागलं होतं.

"आधी फोटो काढू, अक्का."

"काढ की. पन मी इचारलं ते येगळं."

एक्स-रे निघेपर्यंत उत्तमला बाजूला घेऊन काय झालं ते विचारलं.

आमचं गाव कृष्णाकाठचं, तरी पोहायला शिकायचं ते गजराक्काच्या विहिरीत. नदीचा भरवसा कुणी देत नव्हतं. विहिरीत अक्का होती. वार्षिक परीक्षा संपली की गावातली पोरंपोरी तिच्या मळ्याकडे सुटायची. कुणाची कुठली जात, कुणाचा बाप काय करतो, हे तिनं कधी विचारलं नाही. पहिले काही दिवस पाठीला वाळलेल्या भोपळ्यांची सांगड. मग एका सकाळी ती सांगड सोडायची, पोराला पाण्यावर उताणं निजवायची आणि पाठीखाली स्वतःचा तळवा धरायची. "अंग सोड," म्हणायची. "ताठलास की गेलास." तळवा रुंद होता आणि खरखरीत. पोर आभाळाकडे बघत पडून राहायचं आणि कधीतरी ती तो तळवा काढून घ्यायची, न सांगता. पोराला वाटायचं, तळवा आहेच. मग पायऱ्यांवरून तिची हाक यायची. मान वळवून बघावं तर अक्का पार लांब, पायरीवर उभी, दोन्ही हात डोक्याच्या वर आणि बोटं फाकवलेली. बघा, हात माझे इथं आहेत. पोर दचकायचं, नाकातोंडात पाणी जायचं, सगळी हसायची, आणि तेवढ्यावर त्याची भीती कायमची मिटायची.

मी त्या सगळ्यांत भित्रा. इतर पोरं दोन-तीन सकाळींत सुटली, मी मात्र अख्खी सुट्टी त्या तळव्यावर काढली. ती कंटाळली असती तर तिला कुणी नावं ठेवली नसती. पण तिचा तळवा कधी चुळबुळला नाही, हे मला आजही आठवतं.

उत्तमनं सांगितलं ते असं. त्या सकाळी विहिरीत पोरं होती, काहींच्या पाठीवर अजून सांगड. खालच्या शेवाळलेल्या पायरीवरून अक्काचा पाय सटकला आणि ती कमरेवर आपटली. कंबरेएवढ्या पाण्यात तशीच बसून राहिली. ओरडली नाही. बसल्या जागेवरनं एकेका पोराला हाक मारून कडेला बोलावलं, वर चढायला लावलं, अंगं पुसून घ्या म्हणाली, घरी पिटाळलं. शेवटचं पोर बांधापलीकडे गेल्यावर मळ्यात काम करणाऱ्या उत्तमला हाक दिली, "बाज आन रं."

"आणि तोवर?" मी विचारलं.

"तोवर काय, बसल्याली. कुनाला पत्ता लागू दिला न्हाई, साहेब. पोरं घाबरली असती तर बुडली असती म्हनती."

फोटो आला. खुब्याच्या सांध्याच्या खाली, जिथं मांडीचं हाड वाकून सांध्याकडे वळतं, तिथंच ते तुटून सरकलं होतं. मी फोटो उजेडाला धरून उभा होतो आणि अक्का टेबलावरनं माझ्या तोंडाकडे बघत होती.

"मोडलंय न्हवं?"

"मोडलंय."

"माझ्या सासूचंबी असंच मोडल्यालं," ती म्हणाली. "खाटंला दोरी बांदली, पायाला इटा टांगल्या. हाड जुळंल म्हनं. हाड कदी जुळलं त्ये कळलंच न्हाई, त्याच्या आदी पाठ सडली. रोज मी धुवायची ती पाठ. वास यायचा म्हून शेजारच्या बाया दारातनंच बोलायच्या." मग म्हणाली, "मला तसं ठिवू नगंस. उभी करनार असशील तर कर, न्हाईतर विहिरीवर नेऊन ठिव."

तिच्या सासूचं जे झालं ते त्या काळात गावोगाव झालं होतं. म्हाताऱ्या माणसाचा खुबा मोडला की घरातली माणसं खाट दाराजवळ सरकवायची, म्हणजे भेटायला येणाऱ्यांना सोपं. नंतर ऑपरेशनं आली, पण आमच्याकडे व्हायची ती मोठी. मांडी वितीपेक्षा लांब उघडायची, स्नायू बाजूला सारायचे, हाडाला पोलादी पट्टी ठोकायची. तरण्या माणसाला ते झेपायचं. म्हाताऱ्यांपैकी काही टेबलावरून उतरायचे आणि मग अंथरुणातून उतरायचे नाहीत.

संध्याकाळी आमच्या भूलतज्ज्ञ डॉक्टर नसरीन यांनी अक्काच्या हृदयाची तपासणी केली आणि मला चहाला बोलावलं. चहा ही त्यांची वाईट बातमी द्यायची पद्धत होती.

"मकरंद, हिचं हृदय जेमतेम निम्म्या ताकदीनं चाललंय. कमरेत हलकी भूल देईन मी, पण रक्त वाहू दिलंस तर मला सावरता येणार नाही. मोठं उघडणार असशील तर आत्ताच सांग, मी नाही म्हणते."

"उघडायचं नाही," मी म्हणालो. "छोट्या छेदांतून आत सळई घालायची. पडद्यावर बघत."

"तू एकट्यानं केलंयस का हे कधी?"

नव्हतं केलं. पुण्यात शिकताना केलं होतं, पण शेजारी सर उभे असायचे. आमच्याकडे तो एक्स-रेचा हलता पडदा नुकताच आला होता आणि त्यावर आजवर मी मनगटं आणि घोटेच बसवले होते. नसरीन मॅडमना मी हे सांगितलं. त्यांनी कप खाली ठेवला आणि म्हणाल्या, मग हे तिलाही सांग.

मी वॉर्डात गेलो. अक्का छताकडे बघत पडली होती.

"अक्का, नवीन पद्धत आहे. मी एकट्यानं अजून केलेली नाही. सातारला पाठवू का तुला? तिथं मोठे डॉक्टर आहेत."

"सातारच्या डाक्टरला मी पवायला शिकिवलंय का?"

"नाही."

"मग त्याचं कसं काय वळखायचं मी? तुला वळखतीया. तू भितूस, पन सोडत न्हाईस." तिनं डोळे मिटले. "जा, जेव जा."

मी घरी गेलो, पण जेवण गेलं नाही. भीती वाटत होती, साधी सरळ, लहानपणी विहिरीच्या कडेला वाटायची तशीच.

दुसऱ्या दिवशी सकाळी अक्काला टेबलावर घेतलं. कमरेखाली बधिर, वर पूर्ण जागी. झोपेचं औषध तिनं नाकारलं. म्हणाली, माझ्या अंगात काय चाललंय ते मला बघू दे. मग मीच पडदा तिच्या बाजूला थोडा वळवला. तिची पावलं टेबलाच्या चामडी बुटांत बांधली होती. बुटाला चाक असतं. चाक फिरवलं की पाय ताणला जातो, तुटलेली टोकं एकमेकांपासून सुटतात आणि मग पाय आत वळवला की ती जुळतात. जुळली तरच छोट्या छेदांचा उपयोग. न जुळता सळई घातली तर ती वाकड्या हाडाला वाकडंच धरून ठेवणार. आणि जुळलीच नाहीत, तर मांडी उघडावी लागणार, जे मी करणार नाही असं नसरीन मॅडमना कबूल करून बसलो होतो.

मी ताण दिला. समोरून घेतलेलं चित्र छान आलं. मशीन फिरवून बाजूनं बघितलं. खालचं हाड मागच्या बाजूला लोंबलं होतं. आणखी ताण दिला. आणखी लोंबलं. पाय आत वळवला, बाहेर वळवला, पुन्हा चाक फिरवलं. पडद्यावर तीच पायरी, वरचं हाड वर आणि खालचं खाली.

"प्रेशर उतरतंय," नसरीन मॅडम शांतपणे म्हणाल्या. "अजून सुरुवात नाही झाली, मकरंद."

मी पुन्हा चाकाला हात घातला.

"मक्या," डोक्याकडून आवाज आला, "किती वढतुयास रं? पाय माझा हाय, मोटंचा नाडा न्हवं."

मंदाकिनी सिस्टर मास्कआड हसल्या. मला हसू आलं नाही, पण हात थांबला. माझ्या लक्षात आलं की दोन्ही हातांनी मी चाक आवळून धरलंय आणि माझे खांदे कानापर्यंत चढलेत. लहानपणापासून हाड म्हटलं की ओढणं, हेच माझ्या डोक्यात बसलं होतं. विटा टांगणाऱ्यांचंही तेच होतं आणि इतकं शिकून आलेल्या माझंही तेच. मी चाक उलटं फिरवलं. ताण थोडा सैल केला. मांडीचे स्नायू बसल्यासारखे झाले.

हाड अजूनही लोंबत होतं. ओढून ते वर येणार नव्हतं. त्याला खालून आधार हवा होता, इतकंच.

मी वाकलो आणि अक्काच्या मांडीखाली, मोडलेल्या जागेच्या बरोब्बर खाली, उजवा तळवा सरकवला. उचललं नाही. पाण्यावर पडलेल्या पोराला धरावं तेवढंच धरलं. "घ्या," मी म्हणालो आणि सिस्टरनी मशीनचं बटण दाबलं.

पडद्यावर दोन तुकड्यांच्या जागी एक हाड होतं.

मी तळवा काढला, चित्र घेतलं. पायरी परत आली. पुन्हा धरला, गेली. इतकी वर्षं झाली, त्यानंतर असे कितीतरी खुबे मी बसवले, पण त्या वेळी जे वाटलं ते परत तसं वाटलं नाही. माझ्या हातावर एका बाईचं उभं राहणं पडलं होतं आणि त्याला वजनच नव्हतं.

अडचण एवढीच होती, की तो हात तिथं धरून मला ऑपरेशन करता येणार नव्हतं.

"सर, मी बसते," मंदाकिनी सिस्टर म्हणाल्या.

"बराच वेळ धरावा लागेल, सिस्टर."

"माझीपण सुट्टी अक्काच्या विहिरीतच गेलीय सर. तळवा कसा धरायचा ते माहितेय."

त्यांनी शिशाचा जड एप्रन चढवला, बुटकं स्टूल ओढलं आणि टेबलाखाली बसल्या. वरून हिरवी कापडं पसरली. त्या दिसेनाशा झाल्या. पडद्यावर मात्र हाड एकसंध होतं, आणि त्यावरून कळत होतं की त्या आहेत.

मग मी पहिला छेद घेतला, खुब्याच्या वरच्या अंगाला, दोन पेरांएवढा. त्यातून हाडाच्या टोकावर तार टेकवली. हाड मला दिसत नव्हतं. दिसत होती ती पडद्यावरची करडी सावली. तार सावलीत शिरली, हाडाच्या पोकळीतून खाली उतरत गेली, मोडलेली जागा तिनं अडखळल्याशिवाय ओलांडली. तारेवरून सळई गेली. सळईच्या भोकातून, दुसऱ्या छेदातून, खुब्याच्या गोळ्यात स्क्रू चढवायचा होता. तो मधोमध बसायला हवा, जरा इकडेतिकडे झाला तर म्हाताऱ्या मऊ हाडातून फाडून बाहेर येतो. मी श्वास धरून फिरवत होतो आणि स्क्रू त्या गोल सावलीच्या मध्यावर येऊन थांबला. माणसाच्या आत इतकी जागा असते, इतकी सरळ वाट असते, आणि आपण तिथं न उघडता जाऊन येऊ शकतो, याचं मला त्या क्षणी इतकं नवल वाटलं की हातातलं हत्यार ठेवायचं विसरलो.

"ते पांढरं ते मी व्हय?" अक्कानं विचारलं.

"तूच."

"आन् ते काळं?"

"ती सळई. आता तीही तूच."

ती बराच वेळ पडद्याकडे बघत राहिली. मग सलाईन नसलेला हात उचलून तिनं कपाळाला लावला. मला वाटलं देव आठवला असेल. नंतर कधीतरी विचारलं तेव्हा म्हणाली, "देवाला न्हाई रं, हाडाला केला नमस्कार. एवढी वर्सं उचलून न्हेलं त्यानं, आन् मी त्याचं त्वांडसुदिक बघितलं न्हवतं."

शेवटचा छोटा स्क्रू खाली बसला. कापडं काढली तेव्हा मांडीवर तीन बारके छेद होते. नसरीन मॅडम डोक्याकडची जागा सोडून बघायला आल्या. ट्रेमधल्या गॉजकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"रक्त गेलं ते एवढंच?"

"एवढंच."

त्यांनी पुन्हा एकदा ट्रेकडे बघितलं आणि मास्क खाली ओढला. त्यांचे डोळे भरले होते. टेबलाखालून मंदाकिनी सिस्टरनी विचारलं, "सर, काढू का आता?" आम्ही त्यांना विसरूनच गेलो होतो. त्यांना धरून उठवावं लागलं आणि त्यांची बोटं लवकर मिटेनात.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वॉकर घेऊन वॉर्डात गेलो तेव्हा उत्तम आडवा आला.

"साहेब, टाकं तरी सुकू द्या. परवा मोडक्या पायानं आली न् आज उभी करताय? लोकं काय म्हनतील?"

"लोकांना बघायला बोलवा," मी म्हणालो. म्हणालो खरा, पण खात्री मलाही नव्हती. फोटोतलं हाड कितीही सुंदर दिसलं तरी त्यावर माणूस उभं राहीपर्यंत ते फोटोतलंच. आणि तिनं मला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मी अजून दिलेलं नव्हतं.

लोकांना बोलवायची गरज पडली नाही. शेजारच्या खाटांवरचे पेशंट उठून बसले होते. मंदाकिनी सिस्टर मनगटाला पट्टी गुंडाळून आल्या होत्या, त्यांची सुट्टी असून. आम्ही अक्काला खाटेच्या कडेला बसवलं, पाय खाली सोडले. तिनं लुगडं नीट केलं, पदर खोचला, वॉकर दोन्ही हातांनी धरला.

"अंग सोड, अक्का," मी म्हणालो. "ताठू नको."

"मला शिकिवतुयास?"

मी तिच्या पाठीवर तळवा ठेवला आणि ती उभी राहिली.

तिचा चेहरा पांढरा पडला, ओठ आवळले गेले. मी वाट बघत होतो की आता ती बसेल, आता पाय मुडपेल. तिनं वॉकर पुढं सरकवला. उजवा पाय पुढं टेकला. मग डावा उचलला, सगळं वजन उजव्यावर घेतलं, आणि पाय उभा राहिला. उत्तम भिंतीला टेकून रडायला लागला. ती त्याच्याकडे न बघता पुढं निघाली. खाटांच्या मधून, एकेक पाऊल, आणि मी तिच्यामागं, पाठीवर तळवा धरून.

दोन-चार पावलं गेल्यावर माझ्या लक्षात आलं की तळव्यावर भारच येत नाहीये. मी बोटं उचलली. मग हात. ती चालतच होती. मी जागच्या जागी थांबलो, आवाज न करता, आणि मला इतका आनंद झाला की तो कुठं ठेवावा कळेना. शेवटी कुणाच्या तरी पाठीखालचा हात न सांगता काढण्याची माझी पाळी आली होती, आणि ती पाठ तिची होती.

अक्का वॉर्डाच्या दारापर्यंत पोचली. दारातून ऊन आत आलं होतं. तिथं ती थांबली, वॉकरसकट हळूहळू, बारीक पावलं टाकत मागं वळली आणि माझ्याकडे बघितलं. मी बराच मागं, खाटांपाशी उभा होतो.

"लई आदी काडलास," ती म्हणाली. "तुझ्या येळंला मी महिनाभर ठिवला व्हता."

मग तिनं वॉकरवरचे दोन्ही हात सोडले आणि डोक्याच्या वर उचलले, बोटं फाकवून. नसरीन मॅडम मागून "अगं, अगं" म्हणत धावल्या. मला धावता आलं नाही. मी तिच्याकडे बघत तिथंच उभा राहिलो.